घरातलं पहिलं नाव

बाळाच्या उजव्या हाताची तीन बोटं सुजली होती. अंगठा आणि करंगळी जशीच्या तशी. मधली तीन मात्र मुळाशी फुगलेली आणि टोकाकडे निमुळती. कातडी ताणून चकचकीत झाली होती. जखम नव्हती, ओरखडा नव्हता. डाव्या हाताची दोनच बोटं सुजली होती. मी ती मोजत होते, कारण मोजण्याशिवाय दुसरं काही करायचं सुचत नव्हतं.

"पडली का गं कुठं?" वाघाडे सिस्टरनी विचारलं.

"नाई जी. पडन कशी? अजून रांगतेच." सुनंदा बावीस-तेवीस वर्षांची असेल. पोरीला तिनं मांडीवर उताणं धरलं होतं, हात कुठं लागू नयेत अशा बेतानं. "परवापासून रडूनच राह्यली. हात नाई लावू देत."

"ह्या मॅडमना भिऊ नको हं, बाई," सिस्टर बाळाला म्हणाल्या. "ह्या सुई नाही टोचत. ह्या निस्त्या कम्प्युटर टोचतात."

सुनंदा थोडी हसली. मला हसता आलं नाही. माझं लक्ष तिच्या पदराखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे होतं. पिशवीत दोन कार्डं होती आणि दोन्ही पांढरी होती, हे बाहेरूनच दिसत होतं.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. मारोडी नावाच्या, जंगलाला लागून असलेल्या गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या व्हरांड्यात आमचं शिबिर लागलं होतं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. नागपूरच्या एका संस्थेत आकडेवारीचं काम करत होते. आमच्या संस्थेनं त्याआधी तीन वर्षांपूर्वी त्या भागातल्या बेचाळीस गावांतल्या लोकांचं रक्त तपासलं होतं. सिकलसेलसाठी. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, तान्ह्या बाळांची आधी बोटं सुजतात, आणि माणूस दुखण्यानं लोळतो. पण ज्याला हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच मिळालेला असतो त्याला काहीच होत नाही. तो फक्त वाहक असतो. दोन वाहकांनी लग्न केलं, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला तो आजार होण्याचा धोका चारात एक.

म्हणून कार्डं. दोष नसेल त्याला पांढरं, वाहक असेल त्याला पिवळं. सोयरीक जुळवताना दोन्हीकडची कार्डं एकमेकांसमोर ठेवायची. दोन पिवळी आली तर पुढं जायचं नाही. हे लोकांच्या गळी उतरवायला वाघाडे सिस्टरना वर्ष लागलं होतं. त्या उंबरे झिजवत घरोघर फिरल्या होत्या. आता त्या भागात पत्रिकेऐवजी कार्ड मागायचे.

ती नऊ हजार दोनशे बारा कार्डं माझ्या प्रोग्रॅममधून निघाली होती.

डॉ. पाठराबे आत टेबलाशी बसले होते. आमच्या प्रकल्पाचे ते प्रमुख. साठीला आलेले, सावकाश बोलणारे. गावातल्या म्हाताऱ्यांना नावानं ओळखणारे. सिस्टरनी हाक मारली तसे ते बाहेर आले. त्यांनी बाळाचा हात न धरता, नुसता खाली वाकून पाहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, आणि मलाही कळलंय हे त्यांना दिसलं होतं.

"किती महिन्यांची?" त्यांनी विचारलं.

"अकरावा चालू हाय," मागून उत्तर आलं. सुनंदाची सासू, गिरजाबाई. उंच, काटक बाई. तिच्यामागे दाराच्या चौकटीला टेकून सुनंदाचा नवरा, कवडू. त्याच्या खांद्यावर पोरीचं टोपडं होतं.

"रक्त बघावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"बगा," गिरजाबाई म्हणाली. "पन ते शिकलसेलचं नोका बगू. दोघायचे कार्ड पांढरे हायेत."

डॉक्टर आत गेले. काचेच्या नळीत रसायन ओतू लागले. मी त्यांच्यामागे आत गेले आणि दार अर्धवट लोटून घेतलं.

"सर."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"ती दोघं यादीत आहेत."

"निवेदिता, मला माहीत आहे."

माझ्या पर्समध्ये ती यादी होती. चौदा महिने होती. सातशे अठ्ठ्याऐंशी नावं, प्रत्येकाच्या वर त्याच्या घरातल्या पहिल्या माणसाची ओळ, बारीक अक्षरांत, घड्यांवर फाटत आलेली. मी ती कुठंही गेले तरी सोबत न्यायची. का, ते मला सांगता आलं नसतं.

आमच्या कामाची भाषा आर नावाची होती. संख्याशास्त्राची माणसं वापरतात ती. तिची रीत अशी की आकड्यांचा अख्खा रकाना एका दमात हाताळायचा. पहिला आकडा घे, तपास, मग दुसरा घे, तपास, अशी फेरी लिहायची नाही. तिला लूप म्हणतात, आणि लूप लिहिणारा माणूस आमच्यात अडाणी समजला जाई. मी एकही लूप लिहीत नसे. त्याचा मला अभिमान होता.

कार्डं घरनिहाय पाकिटात घालून वाटायची होती. म्हणून मी एका घराचा निकाल लावणारी ओळ लिहिली, आणि ती अठराशे सहा घरांना एकाच वेळी लावली. मशीननं प्रत्येकाच्या रक्तातल्या दोषाची टक्केवारी दिलेली होती. ठरावीक टक्क्यांच्या वर असेल तर पिवळं, नाहीतर पांढरं. साधी अट. पण त्या भाषेत अट घालायचे दोन प्रकार आहेत. एक रकान्यातल्या प्रत्येकाला वेगळं विचारतो. दुसरा फक्त एकदाच विचारतो, आणि त्याच्यापुढे पाच माणसं उभी केली तर पहिल्यालाच विचारून मोकळा होतो. मी दुसरा वापरला. एक उत्तर आलं. आणि त्या भाषेचा आणखी एक गुण असा की उत्तर कमी पडलं तर ती तेच उत्तर पुन्हा पुन्हा वापरून रकाना मुकाट्यानं भरून काढते.

आमच्या नोंदवहीत प्रत्येक घराच्या पहिल्या ओळीत कुटुंबप्रमुखाचं नाव असे. सर्वेक्षणाची पद्धतच ती. म्हणजे घरातल्या पहिल्या माणसाचं रक्त घरातल्या सगळ्यांच्या नावावर लागलं.

संगणकानं सांगितलं नाही असं नाही. पन्नासहून जास्त सूचना आहेत, असं तो म्हणाला होता. मी वरच्या सहा वाचल्या. त्या रिकाम्या जागांविषयी होत्या, निरुपद्रवी. बाकीच्याही तशाच असतील असं धरलं, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेत सगळ्यांना काम दाखवताना पडदा स्वच्छ दिसावा म्हणून एक ओळ लिहून सूचना येणंच बंद केलं. पुढं काही वर्षांनी ती भाषा घडवणाऱ्यांनी अशी अट लिहिली तर काम तिथंच थांबेल अशी व्यवस्था केली. आता ती चूक कुणाला करताच येणार नाही. आम्हाला यायची.

कुणाला संशय आला नाही. त्या भागात शंभरात पंधरा वाहक निघतील असा अंदाज होता. आमचे पंधरा पूर्णांक एक दशांश निघाले. आकडा जुळला की आम्ही पुढं बघत नाही. घरंच्या घरं पिवळी झाली, तर लोक म्हणाले, रक्तातला आजार आहे, घरात असणारच. त्या घरातल्या सुना दुसऱ्या घरून आलेल्या असतात, एवढी गोष्ट माझ्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं. एका लेखासाठी मी नवरा आणि बायको यांचा चार चौकोनी तक्ता काढला. दोघं पांढरे, दोघं पिवळे, आणि एक-एक असलेले. शेवटच्या दोन चौकोनांत शून्य आलं. दोन्हींत. सोळाशे जोडप्यांमध्ये वेगळं कार्ड असलेलं एकही जोडपं नव्हतं.

मी त्या दुपारी खुर्चीवरून उठलेच नाही. शिपाई दिवे लावून गेला.

पंधराशे त्रेसष्ट कार्डं चुकली होती. त्यातले सातशे अठ्ठ्याऐंशी वाहक असून पांढरं कार्ड घेऊन फिरत होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. पाठराब्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहिलं आणि म्हणाले, "सहा महिन्यांनी दुसरी फेरी आहे. सगळ्यांचं रक्त पुन्हा घेणार आहोत. नवी कार्डं देऊ, जुनी परत घेऊ. गाजावाजा नको. आत्ता सांगितलं ना, तर ही माणसं पुन्हा कधी कुणाला बोट टोचू देणार नाहीत. पंचवीस वर्षं मी ह्यांच्या अंगणात बसतोय."

ते खोटं नव्हतं. म्हणून मी गप्प राहिले. सहा महिन्यांचे चौदा झाले; मारोडीचं हे शिबिर म्हणजेच ती दुसरी फेरी. या काळात मी गावच्या आरोग्यसेविकांना लिहायचं पत्र तीनदा लिहिलं. एकदा पाकिटात घातलं. एकदा तिकीट लावलं.

सुनंदाच्या लग्नाला वीस महिने झाले होते. मला कार्डांतली चूक सापडली त्याच्या आधीचं ते लग्न. हे मी मनातल्या मनात कितीदा मोजलं, ते आता सांगत नाही. त्यानं काही बदलत नाही. तिच्यानंतर, मी गप्प असताना, किती लग्नं लागली तेही मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

सगळे आत आल्यावर डॉक्टरांनी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. पोरगी किंचाळली, ती रक्तासाठी नाही; सिस्टरचा हात तिच्या बोटांना लागला म्हणून. रक्ताचा थेंब नळीत पडला. नळीमागे एक कागद धरायचा असतो, त्यावर काळ्या रेघा असतात. पाच मिनिटांनी नळीतून रेघा दिसल्या तर रक्त स्वच्छ. दिसल्या नाहीत तर दोष आहे. वाहक की आजारी, एवढं ही चाचणी सांगत नाही. ते बोटं सांगत होती.

आम्ही सहाजण त्या नळीकडे बघत उभे होतो. बाहेर पिंपळाच्या पारावर बाकीचे लोक नंबराची वाट बघत बसले होते. बहुतेकांच्या हातात कार्डं होती, जपून ठेवलेली. एकानं तर लॅमिनेशन करून आणलं होतं.

रेघा गेल्या.

सिस्टरनी नळी हलवून पुन्हा पाहिली. "साहेब, हे कसं काय?" त्या म्हणाल्या. "दोघांची पांढरी आहेत. मी स्वतः बघितली होती, लग्नाच्या आधी. ह्यांच्या ओसरीत बसून दोन्ही कार्डं मी शेजारी-शेजारी ठेवली होती."

"ठेवली व्हती," गिरजाबाई म्हणाली. तिचा आवाज अजून शांत होता. "पयली सोयरीक आली व्हती इच्यासाठी, त्या पोऱ्याचं पिवळं निंगालं मनून इच्या बापानं मोडली. आमचं पांढरं पाहून देल्ली. अन् तुमी का मनल्या व्हत्या, सिस्टर? सांगा यायले."

सिस्टरनी नळी खाली ठेवली.

"सांगा ना. दोन पांढरे असले तं?"

"तर लेकराला होत नाही," सिस्टर म्हणाल्या. "होऊच शकत नाही म्हटलं होतं मी."

"मंग?"

गिरजाबाईनं सुनंदाकडे पाहिलं. रागानं नाही. हिशेब मांडून झालेल्या माणसासारखं.

"मंग हे कोनाचं हाय?"

दोन पांढऱ्या कार्डांच्या घरात दोष आला तर तो बाहेरूनच, असा तिचा हिशेब होता. आजाराला आईकडूनही दोष यावा लागतो, म्हणजे सुनंदाचं कार्डही चुकलेलंच, एवढं तिनं धरलं नव्हतं. कार्डांवर विश्वास ठेवायला आम्हीच तिला शिकवलं होतं.

सुनंदाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं कवडूकडे पाहिलं. कवडूनं पोरीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. खांद्यावरचं टोपडं काढून त्यानं ते खिडकीच्या गजाला अडकवलं, हळूच, आणि बाहेर पायरीवर जाऊन चपला शोधू लागला.

"कवडू," सुनंदा म्हणाली. "अरे, कवडू. काऊन चालला?"

"जाऊ दे त्याले," गिरजाबाई म्हणाली. "तू बी तुह्या मायच्या घरी जाय. पोरीले घेऊन जाय."

"माझं रक्त पाहा ना जी," सुनंदा डॉक्टरांना म्हणाली. तिनं बाळाला एका हातावर घेतलं आणि दुसरा हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. "डॉक्टरसाहेब, माझं पाहा. त्याचं बी पाहा. दोघायचं पाहा."

"त्याचं कायले?" गिरजाबाई म्हणाली. "त्याचं हाय ना कार्ड. शिक्का हाय."

डॉक्टर क्षणभर त्या हाताकडे बघत राहिले. पाच मिनिटांचं काम होतं. दोन नळ्या, दोन थेंब. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी रसायनाच्या बाटलीला बूच लावलं.

"बाळाचा नमुना नागपूरला पाठवू," ते म्हणाले. "मोठ्या मशीनवर. कधीकधी नळीची चूक होते. पंधरा दिवसांत रिपोर्ट येईल. तोवर कुणी काही बोलू नका."

मग माझ्या जवळ येऊन, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "इथं नाही, निवेदिता. बाहेर दीडशे माणसं बसली आहेत. आज रक्त घेऊ, नवी कार्डं देऊ, सगळं आपोआप नीट होईल."

"पंधरा दिवसांनी ही इथं नसेल, सर."

"मी स्वतः येईन तिच्या माहेरी. समजावीन."

"काय सांगाल?"

त्यांनी बाळाच्या नमुन्यावर नाव लिहायला घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. आजही मला तसं वाटत नाही. त्यांनी त्या भागात अनेक माणसं वाचवली होती. नंतर आम्ही एकमेकांशी पुन्हा कधी बोललो नाही. दोन वर्षांनी ते गेले, तेव्हा मला बातमी वर्तमानपत्रातून कळली.

सुनंदाचा हात अजून टेबलावर होता. मनगटाच्या आत हिरवी शीर दिसत होती. तो हात मागं घ्यायचा हे तिला सुचत नव्हतं, आणि कुणी तो घेत नव्हतं.

मी पर्स उघडली. यादी बाहेर काढून टेबलावर उलगडली. एका घडीवर कागद फाटला. मारोडी चौथ्या पानावर होती. शोधावं लागलं नाही; मला पाठ होतं. घर क्रमांक एक्केचाळीस, येरमे. कुटुंबप्रमुख गिरजाबाई, कारण नवरा वारलेला. दोष नाही. दुसऱ्या ओळीत मुलगा कवडू. मशीनचा आकडा, छत्तीस. कार्ड, पांढरं. सुनंदाचं माहेर सहाव्या पानावर. बाप पहिला, स्वच्छ. ती चौथी, अडतीस. पहिली सोयरीक आलेल्या त्या मुलाचं घर मी शोधलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

"मॅडम, हे काय आहे?" सिस्टर म्हणाल्या. त्या माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं. त्यांना तारीख दिसली असावी. कोपऱ्यात यादी काढल्याची तारीख छापलेली होती.

"निवेदिता," डॉक्टर म्हणाले.

बाहेर कवडूला चपला सापडल्या होत्या. एक त्यानं पायात घातली होती.

"कवडूभाऊ, थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. पारावरच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. "गिरजाबाई, तुम्ही ऐका. तुमचं रक्त चांगलं आहे. ह्याचं नाही. ह्याच्या वडिलांकडून आलं असेल. ह्याचं कार्ड तुमच्या रक्तावरून छापलंय. हिचं हिच्या बापाच्या. पोर तुमचीच आहे."

"कोन मनते?"

"मी म्हणते. ती कार्डं मी केली. चूक माझी आहे, आणि ती मला सव्वा वर्षापासून माहीत आहे."

गिरजाबाई यादीच्या कागदावर वाकली. सिस्टरनी बाळाला सुनंदाच्या हातातून घेतलं, बोटांना धक्का न लावता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतरही कधी पाहिलं नाही.

मी सुनंदाचा तळवा धरून टेबलावर सरळ केला, आणि डॉक्टरांसमोरची बाटली उचलून तिचं बूच काढलं.

"आधी हिचं रक्त घ्या, सर, मग कवडूभाऊंचं," मी म्हणाले. "मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते. सगळी कार्डं परत द्यायची आहेत. पांढरी, पिवळी, सगळी. बेचाळीस गावांतली. त्यांच्यावर विसंबून कुणी काही ठरवलं असेल, त्यांनी माझ्याकडे यायचं. मी इथंच बसणार आहे."